रंग सांगा, पाव्हणं

सोजरबाईनं कुणाला माफ केल्याचं मी कधी ऐकलं नाही, आणि कुणी सांगितलं असतं तरी माझा विश्वास बसला नसता. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. माफ करणाऱ्यांचं कौतुक करायला पुष्कळ लोक आहेत. ज्याचं काही गेलेलं नसतं तोच माफीचा उपदेश फार मनापासून करतो, असं मी नोकरीभर पाहत आलो. सोजरबाईचं गेलं होतं, आणि कुणी घालवलं हेही तिला ठाऊक होतं. तिनं त्या माणसाचा जो पिच्छा पुरवला, तो आठवला की अजूनही मला आतून बरं वाटतं.

सत्तरच्या दशकात, मोठा दुष्काळ सरल्यानंतर, माझी बदली परभणी जिल्ह्यातल्या वडजगाव रोड स्टेशनवर झाली. मी असिस्टंट स्टेशन मास्तर. मीटरगेजची लाईन, चार पॅसेंजर, अधूनमधून मालगाडी आणि बाकी वेळ काळ्या रानावरून येणारा वारा. स्टेशन निजामाच्या वेळचं. रेल्वेत प्रत्येक वस्तूचा रंग ठरलेला असतो, तुमच्या-माझ्या आवडीला तिथं कुणी विचारत नाही. राज्य बदललं, साहेब बदलले की वरून हुकूम यायचा आणि दारं, खिडक्या, केबिन, पाण्याची टाकी, फाटकं अशी सगळी नव्या रंगाला लागायची. माझ्या खोलीच्या दाराला खुर्चीची पाठ घासून एक खड्डा पडला होता. त्यात वर चॉकलेटी, त्याच्या खाली बाटलीचा हिरवा आणि सगळ्यात खाली गेरूसारखा तांबडा दिसायचा. काम नसलं की मी नखानं तो खड्डा थोडा मोठा करायचो.

स्टेशनपासून थोडं पुढं, कोथळी गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक होतं. सोजरबाई तिथली गेटवाली. आधी मला तिचा आवाजच माहीत होता, कारण गाडी सोडण्याआधी मला फाटकावर फोन करावा लागे.

"गेट बंद आहे का?"

"बंद हाय. तुमी तुमची गाडी सोडा. माझ्या गेटाची काळजी करू नका."

रोज हेच. एकदा मी म्हटलं, नुसतं बंद आहे म्हणावं, पुढचं कशाला? ती म्हणाली, "तुमी रोज इचारता, म्हून मी रोज सांगते."

पाहिली तेव्हा आवाजावरून वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघाली. चाळिशीची, काटकुळी, नऊवारी लुगड्यावर पुरुषी मापाचा निळा कोट, बाह्या दुमडलेल्या. गालात सुपारी. फाटकाशेजारच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, चुलीपाशी लख्ख घासलेली भांडी. तिला कुणी 'बिचारी' म्हटलेलं खपत नसे. परभणीहून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी कळवळ्यानं तसं म्हटलं, तर सोजरबाईनं विचारलं, "कामून ओ? मला काय रोग झालाय का?"

तिचं फाटक मात्र बघत राहावं असं होतं. त्या काळी आमच्या लाईनवरची फाटकं लाकडी असत, रंग पांढरा आणि मधोमध परातीएवढी लाल चकती. बाकीच्या गेटांवरचा पांढरा धुळीनं मळून जायचा, चकती विटकरी पडायची. सोजरबाई रोज सकाळी घासलेटात बुडवलेल्या फडक्यानं चकती पुसायची. फाटकाला कुणी बैल टेकवला तर मालकाला खाली उतरवून डाग पुसायला लावायची. ट्रॅकवरच्या एका गँगमनचा जावई फाटकाला रेलून बिडी ओढत होता, त्याला तिनं त्याच्याच टॉवेलनं पुसायला लावलं. जावई आहे म्हटल्यावर म्हणाली, "माझा न्हाई ना."

यामागचं कारण मला हळूहळू कळलं. मी यायच्या आधी तिचा नवरा लक्ष्मण तिथं गेटमन होता. वर्षातून एकदा रंगाचे डबे मिळायचे आणि गेटमननं स्वतः फाटक रंगवायचं, अशी रीत होती. लक्ष्मणनं त्या वर्षी दोन्ही फाटकं, गावाकडचं आणि स्टेशनकडचं, रंगवून काढली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला, गाडीच्या वेळेला, फाटक बंद असताना, कोथळीचे आबासाहेब आपल्या जीपमधून आले. जीप त्यांचा मुलगा दिलीप चालवत होता. वेग आवरला नाही. गावाकडचं फाटक मोडून जीप आत घुसली आणि फाटकामागं बत्ती घेऊन उभा असलेला लक्ष्मण तिच्याखाली गेला.

आबासाहेब म्हणजे तालुक्यातलं वजनदार माणूस. कोसभर जमीन, मानवतच्या बाजारात कापसाचा दबदबा, पोलिसांपासून मामलेदारापर्यंत सगळे त्यांच्या बैठकीत चहा पिणारे. चौकशीला वरून अधिकारी येईपर्यंत मोडक्या फाटकाच्या फळ्या जागेवरून नाहीशा झाल्या होत्या. आबासाहेबांनी सांगितलं, फाटकाचा रंग पार उडालेला होता, लाल चकती काळी पडली होती, संधिप्रकाशात आम्हाला काही दिसलंच नाही. सोजरबाई म्हणाली, दुसरं फाटक उभं आहे, ते बघा. अधिकारी म्हणाला, ते तुम्ही मागाहून रंगवलं असेल. ती म्हणाली, मी मयताला अंघोळ घातली तेव्हा त्याच्या नखात पांढरा रंग होता, घासून निघाला नाही. हे कुणी लिहून घेतलं नाही. शेवटी दोष लक्ष्मणवर आला. मेलेला माणूस आपल्या हलगर्जीपणानं मेला, असं ठरलं.

सोजरबाईला त्याच्या जागी नोकरी मिळाली ती नायडूसाहेबांमुळं. लाईनची देखभाल करणारे ते इन्स्पेक्टर, तेलुगू माणूस, तोंडानं फटकळ. लक्ष्मणला रंगाचे डबे त्यांनीच दिले होते. पण चौकशीत त्यांना कुणी विचारलंच नाही, आणि न विचारता बोलायची हिंमत त्यांना झाली नाही. याचा सल त्यांना होता, असं मला नेहमी वाटायचं.

नोकरीवर रुजू होताच सोजरबाईनं आपला डाव मांडला. आमच्याकडं फाटक एरवी बंदच असे, गाडीवाटेनं कुणी आलं आणि रूळ मोकळा असला की उघडायचं. आबासाहेबांची जीप पहिल्यांदा आली तेव्हा ती किल्ली हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "फाटकाचा रंग सांगा, पाव्हणं."

सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं. ही एकटी पाव्हणं म्हणायची.

आबासाहेब तडक स्टेशनात आले. एव्हाना मी तिथं बदलून आलो होतो, तेव्हा पुढचं सगळं माझ्या समोरचं. मी नायडूसाहेबांना कळवलं, ते ट्रॉलीवरून आले आणि आम्ही तिघं फाटकावर गेलो.

"अम्मा, गेट क्यूं नहीं खोला?" नायडूसाहेबांनी विचारलं.

"साहेब, ह्यांनी सवता सांगितलंय की ह्यांना रंग दिसत न्हाई," सोजरबाई शांतपणे म्हणाली. "तुमच्याच मोठ्या सायबानं ते खरं धरलंय. मंग ज्याला लाल दिसत न्हाई त्याला मी रुळावर कशी सोडू? उद्या गाडीखाली आले तर माझी नोकरी जाईल. दिसला म्हणावं, की सोडते."

नायडूसाहेबांनी रुमाल तोंडावर धरला. मग आबासाहेबांकडं वळून म्हणाले, "बोल देव ना साब. दो लफ्ज का तो मामला है."

"ह्या बाईपुढं मी परीक्षा द्यायची?" आबासाहेब म्हणाले.

लाल आणि पांढरा म्हणायला त्यांचं काय जात होतं, असं कुणाला वाटेल. पण ते दोन शब्द म्हणणं म्हणजे लक्ष्मणनं रंग दिला होता हे कबूल करणं, असं सोजरबाईनं साऱ्या पंचक्रोशीच्या मनात बसवून ठेवलं होतं. आबासाहेबांनाही ते कळत होतं. ते जीप वळवून निघून गेले. त्या दिवसापासून ते पिंगळीच्या बाजूनं वळसा घालून जायला लागले. तो रस्ता काळ्या मातीतला. उन्हाळ्यात हाडं खिळखिळी करणारा आणि पावसाळ्यात चाक आसापर्यंत गिळणारा. जीप दोनदा बैलांनी ओढून काढावी लागली, ही बातमी ज्यानं आणली त्याला सोजरबाईनं चहा पाजला.

नायडूसाहेबांनी तिला एकदा ताकीद दिली, तीही माझ्यासमोर, आणि ती अशी: "अम्मा, बाकी किसी को मत रोको." म्हणजे कुणाला रोखायला हरकत नाही ते तिला बरोबर समजलं.

मग एक गंमत झाली. तिनं बाकी कुणाला विचारलं नाही, पण लोक आपणहून सांगायला लागले. कोथळीचा एक गाडीवान फाटकापाशी बैल थांबवून म्हणाला, "लाल-पांढरा, माय." सोजरबाई हसली आणि तिनं फाटक उघडलं. हसलेली सोजरबाई कुणी फारशी पाहिली नव्हती, त्यामुळं दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी म्हटलं. महिनाभरात तो रिवाजच झाला. बाजारला जाणाऱ्या बाया, भाड्यानं आलेले ट्रॅक्टरवाले, शाळेचा नवा मास्तर, वरातीतले बँडवाले, जो तो फाटकापाशी आला की आधी म्हणणार, "लाल-पांढरा, माय." परगावचा पाहुणा विचारायचा, हे काय? मग त्याला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली जायची, लक्ष्मणच्या नखातल्या रंगासकट. आबासाहेबांच्या कापसाच्या गाड्या हाकणारे त्यांचेच गडी तर फार चवीनं म्हणायचे. आबासाहेबांनी त्यासाठी एकाला कामावरून काढलं. नंतर आलेल्यानंही पहिल्याच खेपेला तेच म्हटलं, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

मी एकदा तिला विचारलं, "आता सगळं गाव म्हणतंय, मग झालं ना?"

"गावाला मी कुठं इचारलं व्हतं?" ती म्हणाली. "ज्यानं खोटं सांगितलं त्यानं खरं सांगावं. चार माणसात सांगितलं व्हतं, चार माणसातच सांगावं. मला दुसरं काय बी नको."

आणि मग हुकूम आला. लाईनवरच्या सगळ्या फाटकांचा रंग बदलायचा. पांढरा बाद, आता पिवळे आणि काळे आडवे पट्टे. स्टेशनच्या भिंतींनाही नवा फिकट रंग लागला, माझ्या दारावरचा चॉकलेटी जाऊन करडा आला आणि माझा खड्डा बुजला. रंगाऱ्यांची टोळी एकेक फाटक उरकत वडजगावला पोचली तेव्हा मला फोन आला. पहिल्यांदाच सोजरबाईचा आवाज मला वेगळा वाटला.

"मास्तर, रंगारी आलेत. खरवडायलेत. नायडूसाहेबाला पाठवा."

मी साहेबांबरोबर गेलो. टोळीनं गावाकडचं फाटक, म्हणजे अपघातानंतर बसवलेलं, खरवडून रंगवून टाकलं होतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. स्टेशनकडच्या फाटकापाशी ती पाठ टेकून उभी होती आणि रंगाऱ्याचा खरवडायचा पत्रा तिनं कोटाच्या खिशात टाकला होता. ते फाटक लक्ष्मणच्या हातचं. दर वर्षी त्याच्यावरून ती नवा हात फिरवायची, पण आतला थर तिनं कधी खरवडू दिला नव्हता.

"पुराना निकाले बगैर नया पकडता नहीं, अम्मा," नायडूसाहेब म्हणाले. "पोपडे आएंगे."

"येऊ द्या. वरून काय लावायचं ते लावा, हुकूम हाय तर मी न्हाई म्हणत न्हाई. पर खालच्याला हात लावायचा न्हाई."

नायडूसाहेबांनी त्या फाटकावर हात ठेवून पाहिला. मग टोळीला म्हणाले, "ऐसाच मारो." लक्ष्मणच्या पांढऱ्यावर पिवळे-काळे पट्टे चढले. त्या दिवशी ती जेवली नाही, असं गँगमनच्या बायकोनं सांगितलं.

फाटकाचा रंग बदलल्याची बातमी आबासाहेबांना ज्यानं कुणी दिली असेल, त्यानं ती फार आनंदानं दिली असणार. कारण थोड्याच दिवसांत त्यांच्या मुलीचं लग्न होतं, जालन्याकडची वऱ्हाडी मंडळी पॅसेंजरनं आमच्या स्टेशनवर उतरणार होती, आणि आबासाहेब स्वतः जीप घेऊन त्यांना न्यायला आले ते सरळ स्टेशनवर. येताना सोजरबाई नव्हती, बदलीचा माणूस फाटकावर होता. पॅसेंजर उशिरा आली. मुहूर्त जवळ आलेला. मला निमंत्रण होतं आणि माझी ड्युटी संपली होती, म्हणून त्यांनी मलाही जीपमध्ये कोंबलं. पुढं दिलीप चालवायला, शेजारी जरीचा फेटा बांधलेले आबासाहेब. मागं त्यांचे व्याही, नवरदेव आणि कडेला मी. बाकी वऱ्हाड मागून बैलगाड्यांत.

फाटकापाशी आलो तर बदलीचा माणूस गेला होता. बाकावर सोजरबाई सुपारी कातरत बसली होती. ती उठली.

"या पाव्हणं. लय दिसांनी."

आबासाहेब तयारीत होते. व्याह्यांकडं वळून हसत म्हणाले, "आमच्या ह्या बाईची एक गंमत आहे, येईल त्याला रंग विचारते." मग तिला मोठ्यानं म्हणाले, "पिवळा-काळा. उघड आता."

"बराबर," सोजरबाई म्हणाली. "ह्यो आत्ताचा. मी ह्याच्या खालचा इचारायली."

आबासाहेबांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. मागच्या गाड्या येऊन थांबल्या. व्याही म्हणाले, "काय भानगड आहे ही?" मागच्या गाडीवरचा गाडीवान कुणी न विचारता बोलला, "यांच्या जीपनं हिचा नवरा मारला ना जी इथं. अन म्हणले, फाटकाला रंगच नव्हता."

आबासाहेब माझ्याकडं वळले. "मास्तर, सांगा तुमच्या बाईला."

"मी ड्युटीवर नाही, आबासाहेब," मी म्हणालो. आयुष्यात माझी फार थोडी वाक्यं मला आवडली आहेत, त्यातलं हे एक.

"मुहूर्त टळायलाय," ते तिला म्हणाले. आवाज खाली आला होता.

"मला घाई न्हाई."

तेवढ्यात दिलीपनं इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, समोर बघत तो म्हणाला, "पांढरा होता. मधी लाल चकती. मला दिसली होती. ताजा रंग होता, जीपच्या मडगार्डला लागला होता. मीच घासून काढला."

"दिल्या," आबासाहेब म्हणाले. एवढंच.

सोजरबाईनं दिलीपकडं नीट बघून घेतलं. मग तिनं साखळीचं कुलूप काढलं, फाटक ढकललं आणि जीप सुरू होताच हात आडवा धरला.

"गाडी जाऊ द्या. नवरदेवाला उशीर नको. पर पाव्हण्यांनी अजून सांगितलं न्हाई. ते उतरून फटीतून येतील."

फाटकाच्या बाजूला जुन्या रुळांचे दोन तुकडे रोवून, वर एक आडवा टाकून, माणसं वाकून आणि शेळ्या सरळ जाण्यापुरती अरुंद फट ठेवलेली असते. तिला किल्ली लागत नाही, तिथं कुणाला विचारावं लागत नाही. आबासाहेब हलले नाहीत. तेव्हा मागून व्याही म्हणाले, "उतरा आबासाहेब. आम्हाला उशीर होतोय."

ते उतरले. फटीतून जाताना फेट्याचा शेमला रुळाच्या तुकड्याला अडकला, तो त्यांना दोन्ही हातांनी सोडवावा लागला. मागच्या गाड्यांवरचं सगळं वऱ्हाड बघत होतं. मग रूळ ओलांडून पलीकडच्या फटीतूनही तसंच जावं लागलं. जीप पलीकडं त्यांची वाट बघत थांबली होती.

दिलीपनं पुढं नायडूसाहेबांसमोर सगळा जबाब दिला. साहेबांनी तो वर पाठवला. वरून काही आलं नाही, आणि मी असेपर्यंत तरी येणार नव्हतं. मी सोजरबाईला तसं सांगितलं.

"न येऊ," ती म्हणाली. "मला त्यांच्या तोंडून पायजे."

"आणि दिलीप? जीप तर त्यानं घातली होती. त्याला तू सोडलंस?"

"सोडलं कुठं? त्याला गाडीसकट सोडते, बापाला पायी. बाप फटीतून वाकताना पोरगं रोज बघायलंय. बघू द्या."

ते खरं होतं. लग्नानंतर आबासाहेबांनी पिंगळीचा वळसा सोडून दिला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण ते दोन शब्द काही त्यांच्या तोंडून निघेनात. फाटक आलं की दिलीप जीप थांबवायचा, ते खाली उतरायचे आणि फटीतून पायी जायचे. सोजरबाईला आता विचारावंही लागत नसे. तेवढं म्हटलं की सगळं संपलं असतं, हे त्यांना कळत होतं, तिलाही कळत होतं. मला कुणी विचारलं असतं, आता पुरे नाही का, तर मी नाही म्हणालो असतो. आजही नाहीच म्हणेन.

माझी बदली झाली त्या दिवशी मी पॅसेंजरनं निघालो आणि मुद्दाम फाटकाच्या बाजूच्या खिडकीशी बसलो. फाटक बंद होतं. पलीकडं जीप उभी, आत दिलीप एकटा. आबासाहेब फटीपाशी काठी टेकून उभे होते, उन्हात, उघड्या डोक्यानं. ते आता म्हातारे दिसत होते. सोजरबाई निळ्या कोटात, हिरवा बावटा ताठ धरून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही आणि त्यांच्याकडंही नाही. शेवटचा डबा जाईपर्यंत गाडीवरून नजर हलवायची नसते. मी दारात येऊन मागं वळून बघत राहिलो. शेवटचा डबा गेला तशी तिनं बावटा गुंडाळला, कंबरेची किल्ली काढली आणि जीपसाठी फाटक उघडायला गेली. आबासाहेबांनी काठी आधी फटीपलीकडं टेकली, आणि मग ते वाकले.